गार्गीचा बायोडेटा आणि मी पुसलेले शेरे

बुलढाणा,
मंगळवार, सकाळ

ती. शैलजाताईस,

धाकट्या भालचंद्राचा दोन्ही हात जोडून, आणि या खेपेस कान धरून, नमस्कार.

तुझा डावा गुडघा आता कसा आहे? (गेल्या वेळी मी उजव्याची चौकशी केली होती आणि तू "दुखतो तो डावा" एवढं सांगून फोन ठेवला होतास.) भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना? त्यांना आंबा बंद केला असशील, पण आमरस हा आंबा नव्हे असं त्यांचं मत आहे, तेव्हा लक्ष असू दे. अमरावतीच्या उन्हात दुपारची बाहेर पडू नकोस. आमच्या गावाला थंड हवेचं म्हणतात, पण यंदा ही गोष्ट हवेला कोणी कळवलेली दिसत नाही. बाकी इकडे सर्व क्षेम आहे, असं पत्रात लिहितात म्हणून लिहिलं. आता खरं काय ते सांगतो.

गेले अकरा दिवस तू माझा फोन उचलत नाहीस, त्यावरून तू रागावली आहेस हे मी ओळखलं. (पहिले चार दिवस तुझा फोन बिघडला असावा असं वाटत होतं. पाचव्या दिवशी ही म्हणाली की तिचं तुझ्याशी रोज बोलणं होतं.) म्हणजे घडलेलं सगळं तुझ्या कानावर आलंच असणार. पण हिच्या सांगण्यात मी पहिल्या वाक्यापासून दोषी असतो. माझ्या सांगण्यात निदान दोन परिच्छेद तरी मी निर्दोष राहतो, म्हणून हा कागद.

तुला ठाऊकच आहे की गार्गीचा बायोडेटा मी स्वतः लिहायला घेतला. चौतीस वर्षं कचेरीत लिहिण्याचंच काम केलं, तर पोटच्या पोरीची चार वाक्यं दुसऱ्याकडून का लिहून घ्यायची, असा माझा विचार. लोक बायोडेटा एका पानाचा करतात, माझा चार पानांचा झाला. पहिलं पान पूर्ण आपल्या घराण्यावर गेलं आणि गार्गी दुसऱ्या पानाच्या मध्यावर जन्मली. पुढे मी तिला "गृहकृत्यदक्ष, मितभाषी, गायनाची आवड" असं सगळं देऊन टाकलं. ती मोटारसायकलवरून गावोगाव फिरते, लोकांच्या वावरात खड्डे करते आणि मातीचे नमुने पिशव्यांत भरून प्रयोगशाळेत आणते, ही तिची नोकरी. ते मी "निसर्गाची ओढ" या दोन शब्दांत बसवलं. त्या दोन शब्दांचा मला फार अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकतो.

मग आली डिंपल. बसस्थानकासमोर ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते ती. (पीक विम्यापासून परीक्षेच्या हॉलतिकिटापर्यंत अर्ध्या तालुक्याचं नशीब तिच्या कीबोर्डातून जातं.) तिने माझी चार पानं टाइप करून ऑनलाइन ठेवली आणि सांगितलं, "काका, ही लिंक घरच्या मंडळींना पाठवा. ज्याले जे सुचते ते तो बाजूले कॉमेंट करून लिहीन." मला हे एकदम पटलं. कॉमेंट म्हणजे आपला शेराच की. मजकूर मधे, शेरा समासात, फाइल पुढे. मी घरच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि खाली लिहिलं, "सर्वांनी मोकळेपणाने सूचना कराव्यात." ताई, माणसाने एक वेळ उसनी साखर मागावी, मोकळेपणा मागू नये. तो लगेच मिळतो.

चार दिवसांत शेरे शंभरावर गेले. उंचीच्या रकान्यात मी पाच फूट चार लिहिलं होतं, तिथे तू लिहिलंस, "कशावर उभी करून?" मितभाषी या शब्दासमोर तू विचारलंस, "हा परिच्छेद कोणाबद्दल आहे?" गृहकृत्यदक्ष शब्दापुढे हिने लिहिलं, "कोणाच्या गृहात?" माझा मेहुणा गोविंदा तर तुला माहीत आहे. देऊळघाटला राहतो, दर रविवारी भाजी घेऊन येतो आणि कोणत्याही गोष्टीला नाही म्हणत नाही. त्याने प्रत्येक ओळीसमोर "छान" असा शेरा मारला, अगदी गार्गीच्या रक्तगटासमोरही. त्याच्या बायकोने त्याखाली "अभिनंदन" लिहिलं. आणि चौदा शेरे खुद्द गार्गीचे होते. पहिला मी वाचला. "बाबा, मला पोळ्या येत नाहीत. तुम्हाला येतात. ते लिहा." (खोटं नाही. हिचा हात मोडला होता तेव्हा शिकलो. पण वधूच्या बायोडेट्यात वधूपित्याच्या पोळ्या?) मला इतका राग आला की पुढचे तेरा मी वाचलेच नाहीत. या वाक्यावर जरा थांब, ताई. मी मात्र तेव्हा थांबलो नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी सुलतानपूरहून किसनरावांचा फोन आला. लोणार तालुक्यातलं शेतकऱ्याचं घर, मुलगा शिवम मेहकरला जनावरांचा डॉक्टर, एकुलता एक. स्थळ तूच सुचवलं होतंस. किसनराव म्हणाले, पोरीची माहिती धाडून द्या. मी तत्परतेने धाडली. लिंकच धाडली. चौतीस वर्षांच्या नोकरीत गोपनीय शेरा चुकीच्या टेबलावर जाऊ दिला नाही असा माझा लौकिक आहे, आणि इथे शंभरावर गोपनीय शेरे मी स्वतःच्या अंगठ्याने मुलाच्या बापाच्या हातात ठेवले. शुक्रवारी सकाळी डिंपलचा फोन, बाहेरच्या कोणीतरी कागद उघडल्याचं तिच्या संगणकावर दिसलं म्हणून. "काका, तुम्ही थे लिंक बाहेर काऊन पाठवली? त्यात बाजूचं सगळं दिसते न." मी कोट नव्हता म्हणून शर्टावरच जाकीट चढवलं आणि मे महिन्यात दुकान गाठलं.

आता एजंटची गोष्ट. आपल्याकडे एजंट म्हटलं की विम्याचा, नाहीतर गाडीचे कागद करून देणारा. दोघेही आधी चहा पितात आणि मग काम किती कठीण आहे ते सांगतात. डिंपलचा एजंट संगणकात राहतो आणि चहा पीत नाही. तिने समजावलं ते असं : हा कागद वाचतो, शेरे वाचतो, सांगाल तर त्यांना उत्तरंही लिहितो. पण आजवर त्याला शेरा पुसता येत नव्हता, कारण पुसायचं अवजारच त्याला दिलेलं नव्हतं. ते कालच त्याच्या हाती आलं. "अजून कोणीच वापरलं नाही काका. पण एक ध्यानात ठेवा, एकदा पुसलं का वापस येत नाही." कचेरीत कोणतंही नवं यंत्र आलं की मी ते आधी दुसऱ्या टेबलावर पाठवत असे. त्या दिवशी मात्र आपण पहिले याचा मला आनंद झाला.

कचेरीत शेरा खोडण्याची रीत तुला मी मागे कधीतरी (तू विचारलेलं नसताना) सांगितलीच आहे. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. गिरगटायचं नाही. पुसायचं तर मुळीच नाही. याच गोष्टीसाठी मी एका गरीब कनिष्ठ लिपिकाला दोन तास उभं केलं होतं. तोच मी डिंपलच्या खुर्चीत बसून त्या एजंटला म्हणालो, "सगळे शेरे काढून टाका." (आधी "अहो, नमस्कार" म्हणालो. समोर कोण आहे हे माहीत नसलं की मी अहो म्हणतो.)

त्याने लगेच पुसलं असतं तर आज मी सगळा दोष त्याच्यावर घालून मोकळा झालो असतो. पण ताई, तो माणूस (माणूस नव्हे, पण काय म्हणू?) शहाणा निघाला. त्याने शुद्ध, पुस्तकी मराठीत आधी विचारलं की शहाण्णव टिप्पण्या आहेत, त्यांतल्या काही योग्य दुरुस्त्या वाटतात, त्या मजकुरात घेऊ का? मी म्हटलं, मजकूर बरोबर आहे. मग त्याने विचारलं, "सहा टिप्पण्या 'पाहुणा' या नावाने आहेत. त्यांत रविवारी येण्याविषयी विचारलं आहे आणि खाली उत्तरही आलेलं आहे. वाचून दाखवू का?" मी हसलो. म्हटलं, तो गोविंदा, दर रविवारी येतो, त्यात वाचण्यासारखं काय आहे? मग त्याने तिसऱ्यांदा विचारलं. "चौदा टिप्पण्या गार्गी यांच्या आहेत. शेवटची बरीच लांब आहे आणि ती तुम्हालाच उद्देशून लिहिलेली आहे. पुसण्यापूर्वी वाचायची आहे का?"

मी काय म्हणालो ते शब्दशः लिहितो. "घरातलीच आहे ती. रोज दिसते. काही सांगायचं असेल तर तोंडाने सांगेल. लाडात लिहिलं असेल काहीतरी. पुसा."

डिंपल स्टुलावरून माझ्याकडे बघत होती. तिने फक्त पंखा माझ्याकडे वळवला. शहाण्णव शेरे जायला दोन घोट पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. समास सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ झाला आणि मधे माझा मजकूर एकटा उभा राहिला, घराण्यासकट. मी जाकीट काढलं, वाटेत कचोरी खाल्ली आणि घरी येऊन झोपलो. इतकी गाढ झोप मला निवृत्तीच्या दिवशीही लागली नव्हती.

रविवारी सकाळी दहाला मी पडवीत स्टुलावर चढून कूलरच्या जाळीत नवं गवत भरत होतो. अंगात बनियन, बनियनला गवत, डोक्याला हिची जुनी ओढणी. फाटकाशी जीप थांबली. किसनराव उतरले, पाठोपाठ रुखमाबाई, म्हणजे मुलाची आई, आणि हातात लिंबांची पिशवी. मी स्टुलावरूनच नमस्कार केला, त्यात जाळी सुटून माझ्या खांद्यावर आदळली आणि सगळं गवत पाहुण्यांच्या स्वागताला खाली आलं. आतून ही आली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उतरल्याबरोबर थेट शर्ट शोधायला गेलो. (बटणं एक घर चुकून लागली होती, हे संध्याकाळी कळलं. कोणी सांगितलं नाही. सगळे सभ्य.)

मी बाहेर येऊन इकडेतिकडे पाहिलं. मुलगा दिसेना. विचारलं, "डॉक्टरसाहेब मागून येत आहेत का?"

किसनराव म्हणाले, "तो गेला न देऊळघाटले. तुमच्या पोरीनंच सांगतलं त्याले, का रविवारी मी वावरात असते, भेटाचं तर तिकडंच ये."

"कुठे सांगितलं?"

"थ्याच कागदावर. बाजूले. त्यानं इचारलं, तिनं उत्तर देल्लं. गुरुवारी सांजीले."

तर पाहुणा म्हणजे हा पाहुणा. ज्याची वाट पाहत मी सहा महिने तुला फोन करून बेजार केलं, तो माझ्या कागदाच्या समासात येऊन बसला होता. मी त्याला गोविंदा समजून झाडून टाकलं.

मी मान डोलावली. जणू मला सगळं ठाऊक होतं आणि फक्त खात्री करून घेत होतो. किसनरावांनी पाणी पिऊन तांब्या नीट खाली ठेवला, आणि मग ते ज्या कामासाठी आले होते ते बोलले. ताई, सत्तरीचा, उन्हात रापलेला, आवाज न चढवणारा माणूस आहे. म्हणाले, "भालचंद्रराव, खरं सांगू? तुमची थे चार पानं आमच्या घरी कोणी नाही वाचली. पण बाजूचं सगळं वाचलं. आमच्या शिवमनं मोठ्यानं वाचून दाखवलं, अन् आम्ही हसून हसून बेजार. मी म्हटलं, ज्या घरची माणसं पोरीबद्दल एवढं खरं लिहितात, थ्या घरी सोयरीक कराले काही भेव नाही. मंग शुक्रवारी दुपारी शेजारच्याले दाखवाले गेलो, तं सगळं साफ. एक अक्षर नाही."

"ते जरा तांत्रिक..." मी म्हटलं.

"हिचा जीव तवापासून थाऱ्यावर नाही," रुखमाबाईंकडे हात करून ते म्हणाले. "म्हणे, पोरीच्या मनात आहे अन् बापाच्या मनात नाही, म्हणून त्यानं पुसलं. फोन करणार होतो, पण फोनवर माणूस गोड बोलते. म्हणून समोर बसून इचाराले आलो. तुमच्या मनात नसन तं आत्ताच सांगा. आम्ही राग धरणार नाही. पोराले वावरातून वापस बलावतो."

कल्पना कर. माझ्या पोरीचं लग्न मोडायला आलं होतं, आणि तेही माझ्या स्वच्छतेपायी. मी घाईघाईने सांगितलं की तसं काही नाही, मनात आहे, पूर्ण मनात आहे, पुसलं ते केवळ कागद सुबक दिसावा म्हणून. मग रुखमाबाई पहिल्यांदा बोलल्या, आणि त्यांचा प्रश्न मला त्या जाळीपेक्षा जोरात लागला.

"अन् पोरीनं तुम्हाले शेवटी जे लिहिलं होतं, थे तं वाचलं न तुम्ही?"

"वाचलं की," मी म्हणालो.

त्यांनी पदराने डोळे टिपले. "लय चांगलं लिहिलं होतं हो. मी दोनदा वाचून घेतलं शिवमकडून."

मीही डोळे टिपले. न वाचलेल्या मजकुरावर डोळे टिपणारा माझ्याएवढा मोठा गाढव या जिल्ह्यात दुसरा नसेल. पण त्याला इलाज नव्हता. आता "काय हो लिहिलं होतं?" असं विचारायचं कोणत्या तोंडाने? माझ्या मुलीने मला लिहिलेलं सुलतानपूरच्या घरी दोनदा वाचलं गेलं होतं, आणि ज्याला लिहिलं होतं तो शर्टाखाली बनियनवर गवत घेऊन बसला होता.

मग आम्ही चौघे जीपमधून देऊळघाटला गेलो. गार्गी एका वावरात उकिडवी बसली होती, समोर गोणपाट, त्यावर मातीचा ढीग. माती मिसळून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, असं काहीतरी तिचं काम असतं. शिवम तिला मदत करत होता, म्हणजे ठेवायचे दोन भाग त्याने फेकले होते आणि ती त्याला बोलत होती. बोलत म्हणजे सरळ रागावत होती. आणि तो जनावरांचा डॉक्टर, ज्याच्या हाताला बैल वचकत असतील, मान खाली घालून "हाव, हाव" म्हणत माती परत गोळा करत होता. मितभाषी या शब्दासमोरचा तुझा शेरा किती योग्य होता ते मला त्या बांधावर कळलं. रुखमाबाई मला हळूच म्हणाल्या, "जमते वाट्टे." मला पाहून शिवम उठला आणि मातीच्या हातांनी पाया पडला. माझ्या चपलांवर त्याचे पंजे उमटले. मी अजून पुसलेले नाहीत. (आळस. वेगळा अर्थ काढू नकोस.)

परतताना मी गार्गीच्या मोटारसायकलवर मागे बसलो. तुला म्हणून सांगतो, ही पोरगी रोज असल्या रस्त्यावर असली गाडी चालवते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चार वर्षं नोकरी करते आहे. मी रोज तिला फाटकातून जाताना बघतो आणि फाटकातून येताना बघतो, आणि मधल्या वेळात निसर्गाची ओढ आहे असं लिहून मोकळा होतो. दोन्ही हातांनी मागची कांब धरून मी ओरडून विचारलं, "पसंत आहे का तुला?" ती ओरडली, "आहे. पण नोकरी सोडणार नाही, आणि हे त्याला सांगून झालंय." मी ओरडलो, "बरं." मग धीर करून ओरडलो, "आणि तू मला शेवटी काय लिहिलं होतंस?" तिने गाडीचा वेग कमी केला. मला वाटलं आता बोलणार. ती म्हणाली, "असू द्या बाबा. पुसलं ना तुम्ही? मग झालं." आवाजात राग अजिबात नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. भांडण मला येतं.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी डिंपलच्या पायरीवर जाऊन बसलो होतो. एजंटला म्हटलं, ती चौदावी टिप्पणी परत आणा. तो म्हणाला की पुसलेली टिप्पणी परत आणता येत नाही आणि तिचा मजकूर त्याच्याकडे ठेवलेला नाही, त्याबद्दल वाईट वाटतं. मी म्हटलं, निदान पहिली ओळ? तीही नाही. मी रागाने म्हटलं, मग मला विचारायचं तरी होतं! यावर डिंपलने खुर्ची ओढली आणि शुक्रवारचं आमचं संभाषण उघडून माझ्यासमोर धरलं. ते सगळं तिथे होतं. त्याचे तीन प्रश्न, माझी तीन उत्तरं. "रोज दिसते." "लाडात लिहिलं असेल." सही आणि तारखेसकट म्हण. माझ्याच तोंडचे शब्द मी तीनदा वाचले. डिंपलला विचारलं, तू तरी वाचलं होतंस का गं? ती म्हणाली, "मी गिऱ्हाइकाचं वाचत नाही काका." कचेरीतल्या माझ्या सगळ्या कारकिर्दीत मला असा एक लिपिक मिळाला नाही.

मग घरी आलो आणि हिला विचारलं. हिने वाचलं होतं, अर्थातच. म्हणाली, "तुम्हाला लिहिलं होतं, मी काऊन सांगू?" आणि कणीक पुढे सरकवली. गोविंदाला फोन केला. तो म्हणाला, "छान होतं." म्हटलं, अरे काय होतं? जरा विचार करून म्हणाला, "लय छान होतं." शिवमला विचारण्याचा विचार तीन दिवस केला. पण होणाऱ्या जावयाशी पहिलंच बोलणं "माझ्या मुलीने मला काय लिहिलं हो?" असं करायचं, हे मला शेरेबाजीच्या दृष्टीनेही फार वाटलं.

असो. गोष्ट ठरली आहे. साखरपुडा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पेरणी लागायच्या आत, सुलतानपूरला. किसनरावांची एकच अट आहे, बायोडेट्याची चार पानं आणू नका म्हणाले, माणसं आणा. तू नाही आलीस तर उंचीच्या बाबतीत मला कोणी टोकणार नाही आणि मी तिथे पाच फूट पाच सांगून बसेन. तेव्हा गुडघ्याला पट्टा बांध आणि भाऊजींना घेऊन ये. तुझे शेरे त्या यंत्राने इतरांबरोबर नेले, त्यात माझा काही हेतू नव्हता, तरी मोठ्या बहिणीच्या नात्याने पोटात घाल. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुझा,
भालचंद्र

ता. क. हिने पत्र वाचलं आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं, म्हणून लिहावं लागतं. तुझे शेरे यंत्राने नेले नाहीत. डिंपलचा फोन आल्यावर मी आधी घरीच मोबाइल घेऊन बसलो आणि तुझे सगळे शेरे एकेक करून माझ्या बोटाने पुसले. प्रत्येक शेऱ्यापाशी फोन विचारत होता, खात्री आहे का? प्रत्येक वेळी मला होती. उंचीचा तर पुसताना मी हसलोही होतो, तो सगळ्यात चांगला होता. तुझे संपेपर्यंत अंगठा दुखायला लागला, म्हणून बाकीच्यांसाठी दुकान गाठलं. यंत्राने सांगितलं तेवढंच केलं, आणि तेही विचारून.

पुन्हा ता. क. वरचं सगळं बाजूला ठेव. पत्र लिहिलं ते यासाठी. तू सगळ्यांचे शेरे वाचतेस, आणि तुला पाचवीतली कविताही अजून पाठ आहे. गार्गीने मला शेवटी काय लिहिलं होतं ते आठवेल तसं, आठवेल तेवढं लिहून पाठव. शब्द इकडचे तिकडे झाले तरी चालतील. तुझ्याकडून एखादा सुधारू नकोस एवढीच विनंती. चांगलं असेल तर फोनवर सांगितलंस तरी चालेल. पण त्यात माझ्याविषयी काही वाईट असेल तर ते मात्र कागदावर शाईनेच लिही. फोन मी मधेच ठेवून देतो, आणि मोबाइलवरचं पुसायला मी शिकलो आहे.